‘नो मॉड्यूल नेम्ड पांडास’: लॅपटॉपवर चालतं ते लॅम्ब्डावर का अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानासाठी पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे हिशेब) काढायचं काम ॲमेझॉनच्या लॅम्ब्डावर, म्हणजे सर्व्हर न सांभाळता छोटा प्रोग्राम (फंक्शन) चालवून देणाऱ्या सेवेवर, टाकलंय. सौदे झाले की दुकानातून एक्सेलची फाइल ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणीतल्या बकेटमध्ये जाते. फंक्शन ती वाचतं, शेतकरीवार रवे (गुळाच्या ढेपा), वजन आणि दर मांडतं, हमाली-तोलाई वजा करतं आणि पट्टी तयार करतं. लॅपटॉपवर (विंडोज, पायथन ३.१३) सगळं बिनबोभाट चालतं. लॅम्ब्डावर (मुंबई रीजन, पायथन ३.१२, एक्स८६ प्रोसेसर) मात्र इम्पोर्टच्या, म्हणजे लायब्ररी आत घेण्याच्या, ओळीवरच गाडी थांबते. आधी ‘पांडास’ ही तक्ते हाताळणारी लायब्ररी सापडत नाही असं आलं. लायब्ररी झिपमध्ये घातल्यावर पांडासला लागणाऱ्या ‘नमपाय’चा लांबलचक एरर आला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून लेअर (फंक्शनला वेगळी जोडायची लायब्ररींची झिप) केला, तर पुन्हा ‘पांडास’ सापडत नाही. “तीनदा तेच झालं, पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी हे उभं करायचंय, आता काय करू?”

तीनदा तेच झालेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून हे तीन वेगवेगळे एरर आहेत, प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि तिन्हींच्या वरची ओळ सारखी दिसते म्हणून तुम्ही एकाच्या मागे धावताय. कोडमध्ये बहुतेक काहीच चुकलेलं नाही. चुकतंय ते पॅकिंग.

पुढे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी एरर वाचायचा कसा ते. क्लाउडवॉचच्या लॉगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या नोंदींत, ‘रनटाइम.इम्पोर्टमॉड्यूलएरर’ दिसलं की लोक तिथेच थांबतात. ते नुसतं पाकीट आहे. आतला मजकूर असा असतो: ‘अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल लॅम्ब्डा_फंक्शन: नो मॉड्यूल नेम्ड पांडास’. यात दोन नावं आहेत. पहिलं नाव तुमच्या स्वतःच्या फाइलचं, म्हणजे लॅम्ब्डा कुठली फाइल उघडायला गेलं होतं ते. कोलननंतरचं दुसरं नाव म्हणजे ती उघडताना नेमकं काय अडलं ते. सगळी माहिती या दुसऱ्या नावात असते.

दुसरं नाव तुमच्याच फाइलचं असेल (‘नो मॉड्यूल नेम्ड लॅम्ब्डा_फंक्शन’), तर लायब्ररीकडे बघूच नका. एकतर झिपची रचना चुकली आहे, नाहीतर हँडलरचं (तुमच्या फाइलमधलं जे फंक्शन लॅम्ब्डा चालवतं त्याचं) नाव. दुसरं नाव पांडास, रिक्वेस्ट्स असं साधं असेल तर ती लायब्ररी तिथे पोचलेलीच नाही, किंवा पोचलीय पण पायथन शोधत नाही अशा फोल्डरमध्ये पडलीय. आणि दुसऱ्या नावात टिंब आणि त्याच्या लगेच पुढे अंडरस्कोअर असेल, जसं ‘नमपाय._कोअर._मल्टीॲरे_यूमॅथ’, ‘पायडँटिक_कोअर._पायडँटिक_कोअर’ किंवा ‘सायकोपीजी२._सायकोपीजी’, तर लायब्ररी सापडलीय. फक्त तिच्यातला कंपाइल केलेला भाग त्या मशीनवर बसत नाही. हे तीन प्रकार वेगळे ठेवले की निम्मं काम झालं. ‘हँडलर मिसिंग ऑन मॉड्यूल’ हा एरर तर इम्पोर्टचा नसतोच. फाइल नीट उघडली, त्यात त्या नावाचं फंक्शन नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमचा पहिला एरर. लॅपटॉपवर पिपने (लायब्ररी उतरवायचं पायथनचं साधन) इन्स्टॉल केलेली लायब्ररी लॅपटॉपच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये जाते. तुम्ही फक्त स्वतःची पीवाय फाइल वर चढवली, तर लॅम्ब्डाला तेवढीच मिळते. रनटाइममध्ये (लॅम्ब्डाने दिलेल्या पायथनमध्ये) पायथनची मूळ लायब्ररी असते आणि सोबत बोटो३ (ॲमेझॉनच्या सेवांशी बोलणारी लायब्ररी) व त्याला लागणारी पॅकेजेस. पांडास, नमपाय, ओपनपायएक्सएल, इतकंच काय रिक्वेस्ट्ससुद्धा तिथे नसतं. फोल्डरमध्ये लायब्ररींची यादी असलेली रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी ठेवली म्हणून लॅम्ब्डा आपण होऊन काही इन्स्टॉल करत नाही. झिप चढवलीत तर ती तशीच ‘/व्हार/टास्क’मध्ये उलगडली जाते, बस्स.

झिप करताना हमखास होणारी चूक म्हणजे फोल्डरवर राइट-क्लिक करून तो दाबायचा. मग झिपच्या आत आधी ‘पट्टी-फंक्शन’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात सगळ्या फाइली. लॅम्ब्डा फाइल शोधतं झिपच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, तिथे तर नुसता एक फोल्डर. फोल्डरच्या आत जा, सगळं निवडा आणि मग झिप करा. चढवण्याआधी ही कमांड चालवा:

पायथन -एम झिपफाइल -एल पट्टी.झिप

यादीत लॅम्ब्डा_फंक्शन.पीवाय हे नाव त्याच्याआधी कुठलाही फोल्डर न लागता दिसलं पाहिजे, आणि ओळी ‘पांडास/…’, ‘नमपाय/…’ अशा सुरू झाल्या पाहिजेत. ‘पट्टी-फंक्शन/पांडास/…’ दिसलं की तिथेच थांबा. हे बघायला दहा सेकंद लागतात. चढवा, टेस्ट दाबा, लॉग उघडा या चकरेला पाच मिनिटं जातात. मी तरी यादी बघितल्याशिवाय झिप चढवत नाही.

दुसरा एरर जरा खोलात आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. तुम्ही विंडोजवर पिपला टार्गेट फोल्डर देऊन पांडास उतरवलं आणि तेच झिपमध्ये घातलं. ती झिप उघडून नमपायच्या ‘_कोअर’ फोल्डरमध्ये बघा. तिथे ‘_मल्टीॲरे_यूमॅथ.सीपी३१३-विन_एएमडी६४.पीवायडी’ अशी फाइल असेल. तिचं नावच सगळं सांगतं. सीपी३१३ म्हणजे पायथन ३.१३ साठी केलेली, विन म्हणजे विंडोजसाठी, पीवायडी हा विंडोजचा कंपाइल केलेल्या फाइलीचा प्रकार. लॅम्ब्डाला हवी असते ती ‘_मल्टीॲरे_यूमॅथ.सीपायथन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू.एसओ’. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमही चुकली आणि पायथनची आवृत्तीही.

कारखान्यांच्या उद्यमनगरात शाफ्ट २० मिलिमीटरचा आहे आणि बेअरिंग ६२०५ आणलं, तर ते कितीही अस्सल असलं तरी बसत नाही. त्याचा बोअर (आतलं भोक) २५ चा. तिथे ६२०४ च लागतं. दिसायला दोन्ही सारखीच. पायथनच्या कंपाइल केलेल्या पॅकेजचं तसंच आहे. फरक एवढाच की बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तसा इथे फाइलच्या नावात असतो, आणि तो कुणी वाचत नाही.

नमपायचा स्वतःचा एरर इथे वाट चुकवतो. तो म्हणतो, ‘तुम्ही नमपायच्या सोर्स फोल्डरमधून इम्पोर्ट करताय, तिथून बाहेर पडा.’ ते वाचून लोक फोल्डरांची नावं बदलत बसतात. लॅम्ब्डावर हा संदेश आला तर जवळजवळ नेहमी कंपाइल केलेली फाइल चुकीच्या मशीनची आहे असंच समजायचं.

उपाय असा. झिपसाठी नवा, रिकामा फोल्डर घ्या, त्याला ‘पॅकेज’ म्हणू. जुन्यात भर घालू नका, त्यात पीवायडी फाइली पडून राहतात. मग ही कमांड, सगळी एकाच ओळीत:

पिप इन्स्टॉल --प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४ --इम्प्लिमेंटेशन सीपी --पायथन-व्हर्जन ३.१२ --ओन्ली-बायनरी=:ऑल: --अपग्रेड --टार्गेट पॅकेज पांडास ओपनपायएक्सएल

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. प्लॅटफॉर्म सांगतो की मी विंडोजवर बसलोय, पण माल लिनक्सचा दे. पायथन-व्हर्जन फंक्शनच्या रनटाइमशी तंतोतंत जुळला पाहिजे, लॅपटॉपवरच्या पायथनशी त्याचा संबंध नाही. ओन्ली-बायनरी नसेल तर पिप परकीय प्लॅटफॉर्मसाठी काम करायलाच नकार देतो, कारण सोर्स उतरवून तो तुमच्या विंडोजवर कंपाइल करून बसला तर सगळंच मुसळ केरात. फंक्शनचं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) आर्म६४ निवडलं असेल तर एक्स८६_६४ च्या जागी एआर्च६४ लिहायचं. तुमचं एक्स८६ आहे, पण स्वस्त पडतं म्हणून उद्या कुणी कन्सोलमधून (ॲमेझॉनच्या वेबवरच्या सेटिंग्जच्या पानावरून) आर्म करून ठेवलं तर हाच एरर पुन्हा येईल, तेव्हा आठवण ठेवा.

‘मेनीलिनक्स२०१४’ म्हणजे काय, याचा एक पदर समजून घेण्यासारखा आहे. कंपाइल केलेली प्रत्येक फाइल लिनक्सच्या जीलिबसी नावाच्या मूळ लायब्ररीवर उभी असते. मेनीलिनक्स२०१४ चा माल जीलिबसी २.१७ किंवा पुढच्या कुठल्याही आवृत्तीवर चालतो. मेनीलिनक्स_२_२८ चा माल २.२८ किंवा पुढे. लॅम्ब्डाचे पायथन ३.१२ पासूनचे रनटाइम ॲमेझॉन लिनक्स २०२३ वर आहेत, तिथे जीलिबसी २.३४ आहे, त्यामुळे दोन्ही चालतात. पायथन ३.११ चं रनटाइम मात्र ॲमेझॉन लिनक्स २ वर, जीलिबसी २.२६. तिथे २_२८ चं पॅकेज गेलं की ‘जीलिबसी_२.२८ नॉट फाउंड’ म्हणून अडतं. काही मोठी पॅकेजेस नव्या आवृत्त्या आता फक्त २_२८ साठीच काढतात. वरची कमांड तुम्हाला हव्या त्या आवृत्तीऐवजी जुनी देत असेल, किंवा ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन’ म्हणत असेल, तर ३.१२ वर --प्लॅटफॉर्म दोनदा लिहा, एकदा २०१४ आणि एकदा २_२८. पिपला ते चालतं.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. काही पॅकेजेस ‘विंडोज असेल तर हेही घ्या, पायथन अमुक असेल तर तमुक घ्या’ अशा अटी लिहून ठेवतात. पिप त्या अटी तपासतो चालू मशीनवर, टार्गेट मशीनवर नाही. त्यामुळे क्वचित एखादं अवलंबित पॅकेज गळतं. पांडासपुरतं हे सहसा नडत नाही. लायब्ररींची संख्या वाढली, किंवा एखादीचा तयार लिनक्स माल मिळतच नसला, तर डॉकर (लॅपटॉपवर वेगळं लिनक्स चालवणारं साधन) लावा आणि ॲमेझॉनच्या सॅम या साधनाची ‘सॅम बिल्ड --यूज-कंटेनर’ ही कमांड चालवा. मग पॅकिंग लॅम्ब्डासारख्याच लिनक्समध्ये होतं आणि हा सगळा विचार करावा लागत नाही. डॉकर लॅपटॉपला झेपत नसेल तर ॲमेझॉनच्या कन्सोलमधलं क्लाउडशेल (ब्राउझरमधलं टर्मिनल) उघडा. ते ॲमेझॉन लिनक्सच आहे. त्याच्यावरचं पायथन वेगळ्या आवृत्तीचं असतं, म्हणून तिथेही वरचीच कमांड, सगळ्या पर्यायांसकट.

टार्गेट फोल्डर तयार झाला की त्यातलं काही नीटनेटकेपणाच्या हौसेने उडवू नका. लिनक्सच्या नमपायबरोबर ‘नमपाय.लिब्स’ असा शेजारी फोल्डर येतो. त्यात ओपनब्लास ही नमपायला लागणारी गणिताची लायब्ररी असते. लोक ‘नमपाय’ फोल्डर तेवढा उचलतात, लिब्स मागे राहतो आणि मग ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ येतं. आकार कमी करायचा म्हणून ‘टेस्ट्स’ नावाचे फोल्डर काढले तर बहुधा चालतं, पण पांडासमधलं ‘टेस्टिंग’ काढलं की पांडास उघडतच नाही. तो चाचण्यांचा फोल्डर नाही, लायब्ररीचाच भाग आहे. ‘डिस्ट-इन्फो’ही राहू द्या, कारण काही पॅकेजेस स्वतःची आवृत्ती त्यातूनच वाचतात. ‘__पायकॅश__’ मात्र खुशाल काढा.

तिसरा एरर लेअरचा. लेअर ‘/ऑप्ट’मध्ये उलगडतो, आणि पायथन तिथे फक्त ‘/ऑप्ट/पायथन’ आणि ‘/ऑप्ट/पायथन/लिब/पायथन३.१२/साइट-पॅकेजेस’ या दोन ठिकाणी बघतं. म्हणजे लेअरच्या झिपमध्ये सगळ्यात वर ‘पायथन’ नावाचा फोल्डर हवा, अक्षरं लहान, आणि त्याच्या आत पांडास, नमपाय वगैरे. तुम्ही बहुतेक फंक्शनची झिप जशीच्या तशी लेअर म्हणून चढवली असणार. मग पांडास गेलं ‘/ऑप्ट/पांडास’मध्ये. आहे, पण कुणी तिथे बघत नाही. गंमत म्हणजे फंक्शनच्या झिपमध्ये वर फोल्डर नको आणि लेअरच्या झिपमध्ये हवाच, यातच सगळ्यांचा गोंधळ होतो.

लेअरचा आणखी एक चकवा आहे. तो दुरुस्त करून पुन्हा चढवला की त्याची नवी आवृत्ती तयार होते, आधीची बदलत नाही. फंक्शनला जोडलेली असते ती जुनीच. कन्सोलमध्ये जाऊन फंक्शनच्या लेअरची आवृत्ती १ वरून २ करावी लागते. ते राहिलं की माणूस दुरुस्त केलेला लेअर घेऊन जुनाच एरर बघत बसतो. लेअर फंक्शनच्याच रीजनमधला लागतो. लेअर बनवताना ‘कंपॅटिबल रनटाइम’मध्ये ३.१२ वर टिक केली म्हणून आतला माल ३.१२ चा होत नाही, तो नुसता शिक्का आहे.

पांडाससाठी स्वतःचा लेअर बनवायचीही गरज नाही. कन्सोलमध्ये ‘ॲड अ लेअर’ दाबून ‘एडब्ल्यूएस लेअर्स’ निवडलंत की ‘एडब्ल्यूएसएसडीके-पांडास’ची पायथन ३.१२ ची आवृत्ती यादीत मिळते. त्यात पांडास, नमपाय, पायॲरो तयार असतं. मग तुमच्या झिपमध्ये पांडास आणि नमपाय अजिबात ठेवू नका. पायथन आधी ‘/व्हार/टास्क’ बघतं, मग लेअर, त्यामुळे झिपमधलं बिघडलेलं नमपाय लेअरमधल्या चांगल्या नमपायला झाकून टाकतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पांडास हवंच का?

हे फायलीच्या आकारावर अवलंबून आहे, म्हणून ठामपणे सांगत नाही. पण एका दुकानाच्या एका दिवसाच्या सौद्यांची यादी म्हणजे काही शे ओळी. शेतकऱ्याच्या नावाने गट पाडायचा, रवे आणि वजन मिळवायचं, क्विंटलच्या दराने गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची. याला साधी डिक्शनरी पुरते. एक्सेल वाचायला ओपनपायएक्सएल लागतं, आणि ते शुद्ध पायथनमध्ये लिहिलेलं आहे. पिप ते उतरवताना फाइलच्या नावात ‘पीवाय३-नन-एनी’ असं दिसतं. याचा अर्थ कुठलंही ऑपरेटिंग सिस्टीम, कुठलंही प्रोसेसर. अशा पॅकेजला वरचं बेअरिंगचं प्रकरण लागूच होत नाही, विंडोजवर बांधलेली झिप लॅम्ब्डावर सरळ चालते. पांडास आणि नमपाय उलगडल्यावर शंभर एमबीच्या पुढे सहज जातात. पुढे ज्याने कुणी ही यंत्रणा सांभाळायची, त्याचा विचार करता मी इथे पांडास काढून टाकेन. आधीच लिहिलेल्या कोडमध्ये पांडासचे दहा-पंधरा ओळींचेच उपयोग असतील तर ते बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. वर्षभराच्या दरांचं विश्लेषण वगैरे पुढे करायचं असेल तर ठेवा, मग तयार लेअर वापरा.

पांडास ठेवलंच तर हेही लक्षात घ्या: पांडास नीट इम्पोर्ट झालं, टेस्ट पास झाली, आणि खरी फाइल आल्यावर ‘मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी ओपनपायएक्सएल’ आलं असं होतं. पांडास ते स्वतःहून आणत नाही, आणि रीड_एक्सेलची ओळ येईपर्यंत बोलतही नाही. म्हणून वरच्या कमांडमध्ये ते वेगळं लिहिलंय. तयार लेअर वापरलात तरी ओपनपायएक्सएल स्वतःच्या झिपमध्ये ठेवा. टेस्ट करताना कन्सोलमधला रिकामा इव्हेंट न वापरता खरी एक्सेल फाइल बकेटमध्ये टाकून बघा.

मर्यादांचंही सांगतो, कारण तुम्ही त्यांच्या जवळ जाणार. झिप थेट चढवायची तर ५० एमबीपर्यंत. त्याहून मोठी असेल तर आधी एस-थ्रीवर टाकून तिथून द्यायची, आणि ते बकेट फंक्शनच्याच रीजनमधलं हवं. उलगडल्यावर फंक्शन आणि सगळे लेअर मिळून २५० एमबी. लेअर जास्तीत जास्त ५. यात बसत नसेल तर कंटेनर इमेज (कोड आणि लायब्ररी एकत्र बांधलेला पूर्ण गठ्ठा), ती १० जीबीपर्यंत चालते, पण तिला लेअर जोडता येत नाहीत. पॅकेज ५० एमबीच्या वर गेलं की कन्सोलमध्ये कोड दिसेनासा होतो. कोड गेला म्हणून घाबरू नका, फक्त तिथला एडिटर बंद झालेला असतो.

पॅकिंग बरोबर असूनही अडतं अशी काही ठिकाणं आहेत. तुमचं कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये असेल आणि हँडलर ‘एसआरसी.ॲप.हँडलर’ असेल, तर ‘इम्पोर्ट हिशेब’ ही ओळ लॅपटॉपवर चालते, लॅम्ब्डावर नाही. लॅपटॉपवर तुम्ही एसआरसीमधली फाइल थेट चालवता, म्हणून पायथन त्याच फोल्डरमध्ये शोधतं. लॅम्ब्डावर शोध ‘/व्हार/टास्क’पासून सुरू होतो. ‘फ्रॉम एसआरसी इम्पोर्ट हिशेब’ लिहा. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल सारखंच वाटतं, लिनक्सला नाही. फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल, एवढ्यावरून लॅम्ब्डावर अडतं. नावात हायफन किंवा स्पेस नको. स्वतःच्या फाइलला ‘कॅलेंडर’, ‘रिक्वेस्ट्स’, ‘ओपनपायएक्सएल’ अशी लायब्ररीचीच नावं देऊ नका, कारण पायथन आधी तुमची फाइल उचलतं आणि ‘पार्शली इनिशलाइज्ड मॉड्यूल’ म्हणून ओरडतं. आणि एखादी जुनी लायब्ररी ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’ म्हणाली, तर ते पायथन ३.१२ मधून काढूनच टाकलंय. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या.

एवढं करूनही अडलं, तर तर्क लढवत बसण्यापेक्षा लॅम्ब्डालाच विचारा. झिपमध्ये ‘तपास’ नावाची (रोमन लिपीत) छोटी फाइल टाका. तिच्यात फक्त सिस, ओएस आणि प्लॅटफॉर्म ही पायथनची स्वतःची मॉड्यूल्स इम्पोर्ट करा आणि हँडलरमधून पाच गोष्टी छापा: सिस.व्हर्जन, प्लॅटफॉर्म.मशीन(), सिस.पाथ, ‘/व्हार/टास्क’मधल्या फाइलींची यादी, आणि ‘/ऑप्ट/पायथन’ असेल तर त्याची यादी. रनटाइम सेटिंग्जमध्ये हँडलर तात्पुरता ‘तपास.हँडलर’ करा आणि टेस्ट दाबा. ‘/ऑप्ट/पायथन’ नाहीच असं आलं, तर लेअरची रचना चुकलीय किंवा तो जोडलाच नाही. मशीन ‘एआर्च६४’ आलं, तर आर्किटेक्चर तुम्हाला वाटतंय ते नाही. ‘/व्हार/टास्क’च्या यादीत कालच्याच फाइली दिसल्या, तर अपलोड झालेलंच नाही. टेस्टमध्ये नव्या फाइली दिसतात पण बकेटमध्ये फाइल टाकल्यावर जुनाच एरर येतो, तर तुमचा ट्रिगर (फाइल आली की फंक्शन चालवणारी जोडणी) जुन्या आवृत्तीकडे जाणाऱ्या एलियसला (आवृत्तीला दिलेल्या नावाला) बांधलेला आहे. काम झालं की हँडलर परत जागेवर आणायला विसरू नका.

नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) लिहिणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं: रनटाइम १८ पासून जुना ‘एडब्ल्यूएस-एसडीके’ सोबत येत नाही, फक्त तिसरी पिढी येते, त्यामुळे जुनं कोड ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ म्हणतं. आणि शार्पसारखी कंपाइल केलेली पॅकेजेस विंडोजवर उतरवताना एनपीएमला --ओएस=लिनक्स --सीपीयू=एक्स६४ सांगावं लागतं, लेअरमध्ये वरचा फोल्डर ‘नोडजेएस’ आणि त्यात नोड_मॉड्यूल्स. गूगलच्या फंक्शन्समध्ये रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी मुळाशी ठेवली की इन्स्टॉल तेच करतात, त्यामुळे विंडोजचा घोळ होत नाही. तिथे अडतं ते यादीत नाव राहिल्यामुळे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर पब्लिश करताना रिमोट बिल्ड निवडा, म्हणजे पॅकेजेस लिनक्सवरच बांधली जातात.

तुमच्या कामाची जोडणी मी अशी लावेन. आज तपासची फाइल चढवून आत्ता तिथे काय पडलंय ते बघा. मग नव्या फोल्डरात फक्त ओपनपायएक्सएल आणि तुमचं कोड घेऊन झिप करा, यादी बघा, चढवा. पांडास ठेवायचं ठरलं तर त्याच झिपला तयार लेअर जोडा, आणि तेव्हा मेमरीही वाढवा. लॅम्ब्डा सुरुवातीला १२८ एमबी आणि ३ सेकंद देतं, आणि प्रोसेसरची ताकद मेमरीच्या प्रमाणात मिळते. १२८ वर पांडास नुसतं उघडतानाच वेळ संपतो किंवा प्रोसेस मारली जाते, आणि तो एरर इम्पोर्टचा वाटतो, असतो मेमरीचा. ५१२ एमबी आणि ६० सेकंदांपासून सुरुवात करा. लॉगच्या शेवटच्या ‘रिपोर्ट’ ओळीत ‘मॅक्स मेमरी यूज्ड’ असतं, ते आठवडाभर बघून मग कमी करा. चालू झालेली आवृत्ती पब्लिश करून तिला एलियस द्या आणि बकेटचा ट्रिगर त्या एलियसला बांधा, म्हणजे मुहूर्ताच्या दिवशी कुणी सकाळी कोडला हात लावला तरी दुकानाच्या पट्ट्या जुन्या, चालणाऱ्या आवृत्तीतूनच निघतील.

हे करूनही एरर आला तर तपासचं पूर्ण आउटपुट आणि एररची कोलननंतरची पूर्ण ओळ लिहून पाठवा. नुसता स्क्रीनशॉटचा वरचा अर्धा भाग नको.